ईव्हीत संशोधन करायचंय? आधी संशोधकांची शिदोरी उघडून बघा

डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग, मग अंबड एमआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात दोन वर्षं. तिथून मी गेट (एमटेकच्या प्रवेशासाठीची परीक्षा) दिली, एमटेक केलं आणि इलेक्ट्रिक गाडीच्या, म्हणजे ईव्हीच्या, मोटर कंट्रोलवर पीएचडीचा प्रबंध पूर्ण केला. या वाटेवर माझं जवळपास दीड वर्ष निव्वळ माहिती नसल्यामुळे वाया गेलं. आता नाशिकची मुलंमुली फोन करून विचारतात, "दादा, ईव्हीत पीएचडी करायची तर ईव्हीचं एमटेक कुठून करू?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहावं म्हटलं.

आज या क्षेत्रात ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यातल्या बहुतेक इलेक्ट्रिकलवाल्यांकडे "ईव्ही" नावाची पदवी नाही. कोणी मशिन्स शिकलं, कोणी पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कोणी कंट्रोल. गाडी नंतर आली. त्यामुळे पदवीचं नाव शोधण्याआधी ही माणसं काय शिकून इथवर आली ते वाचायला शिका.

१. गाडी उघडा आणि आपलं दार ठरवा

इलेक्ट्रिकलच्या माणसाला ईव्हीत शिरायला मुख्य चार दारं आहेत.

पहिलं दार पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं. बॅटरीतल्या डीसी विजेची मोटरसाठी एसी वीज करणारा इन्व्हर्टर, गाडीतला चार्जर, बारा व्होल्टसाठी डीसी-डीसी कन्व्हर्टर. सिलिकॉनऐवजी सिलिकॉन कार्बाइडचे स्विच आल्यापासून इथे कामाची रास पडली आहे. स्विचिंग जितकं वेगवान, तितका विद्युत नॉइज आणि इन्सुलेशनवरचा ताण जास्त, उष्णतेचा प्रश्न वेगळाच.

दुसरं दार मशिन्स आणि ड्राइव्हजचं. हे माझं. गाडीतल्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा तसा, हवा तेव्हा देणं. त्याच्या मुळाशी फील्ड ओरिएंटेड कंट्रोल (मोटरचं चुंबकीय क्षेत्र आणि टॉर्क वेगवेगळे सांभाळण्याची पद्धत) आहे आणि ते १९७०च्या आसपास जर्मनीत मांडलं गेलं, तेव्हा समोर कारखान्यातल्या मोटरी होत्या. या दारात सध्या चुंबकाचा प्रश्न ऐरणीवर आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. तेव्हापासून चुंबकाशिवाय चालणाऱ्या स्विच्ड रिलक्टन्स आणि सिंक्रोनस रिलक्टन्स मोटरींवर काम करणाऱ्यांना पुन्हा मागणी आली.

तिसरं दार कंट्रोल आणि एस्टिमेशनचं, म्हणजे प्रामुख्याने बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. बॅटरीत किती चार्ज उरलाय हे थेट मोजता येत नाही. व्होल्टेज, करंट आणि तापमानावरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज चुकला की माणूस इगतपुरीच्या घाटात अडकतो.

चौथं दार पॉवर सिस्टिम्सचं. चार्जिंग स्टेशनमुळे फीडरवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या लाइनवर, पडणारा भार, हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतली विकृती), गाडीतली वीज परत ग्रिडला देणं.

बॅटरीच्या सेलची रसायनं हे इलेक्ट्रिकलचं दार नाही. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९चं नोबेल रसायनशास्त्राचं होतं आणि ते मिळालेल्यांपैकी गुडइनफ यांची पीएचडी भौतिकशास्त्रातली होती. सेलच्या आतल्या कॅथोडवर काम करायचं असेल तर मटेरियल्स किंवा केमिस्ट्रीच्या विभागाकडे वळा. इलेक्ट्रिकलमध्ये राहून कॅथोड बनवण्याचं स्वप्न बघणारे दोन हुशार मित्र मी वर्षभर अडकलेले पाहिलेत.

२. संशोधकांची शिदोरी वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त मुलं हीच गाळतात.

आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या जागतिक संस्थेच्या ट्रान्झॅक्शन्स जर्नल्समधल्या पेपरच्या शेवटी बहुतेक वेळा लेखकांचा परिचय छापलेला असतो. कुठून पदवी, कुठून पीएचडी, कुठल्या वर्षी, कशात रस. मुलं पेपर वाचतात आणि हा परिच्छेद ओलांडून जातात. तुम्ही तोच आधी वाचा. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्स, व्हेइक्युलर टेक्नॉलॉजी आणि २०१५ पासून निघणारं ट्रान्सपोर्टेशन इलेक्ट्रिफिकेशन ही चार जर्नल्स त्यासाठी पुरेत. एक वही करा, वीस संशोधक निवडा आणि प्रत्येकाच्या पदव्या, पीएचडीचा विषय, गाइडचं नाव आणि ईव्हीवरचा पहिला पेपर कोणत्या वर्षीचा ते लिहा.

माझ्या वहीतली काही पानं सांगतो.

बिमल बोस यांनी १९५६ मध्ये शिबपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेतली, १९६० मध्ये विस्कॉन्सिनहून मास्टर्स आणि १९६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून पीएचडी. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे अध्वर्यू म्हणून जग त्यांना ओळखतं.

भीम सिंग यांची १९७७ची पदवी तेव्हाच्या रुरकी विद्यापीठाची, एमटेक आणि पीएचडी आयआयटी दिल्लीची, पीएचडीचं वर्ष १९८३. मशिन्स, ड्राइव्हज आणि पॉवर क्वालिटी हा त्यांचा पाया. ईव्ही चार्जरवरचं काम त्या पायावर उभं राहिलं.

कौशिक राजशेखरा यांच्या तिन्ही पदव्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या. पीएचडी १९८४ मध्ये झाली आणि १९८९ मध्ये ते अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एका विभागात गेले. ज्या माणसाने कन्व्हर्टर आधी पक्का केला होता, त्याच्यासाठी गाडी हा त्या कन्व्हर्टरचा पुढचा उपयोग होता.

सी. सी. चान यांना आशियात ईव्हीचे आद्य संशोधक मानतात. त्यांची १९५७ची पदवी चीनमधल्या खाणकामाच्या विद्यापीठातली आहे आणि पीएचडी हाँगकाँगमधून १९८२ मध्ये. मधली वर्षं मोजून बघा.

मेहरदाद एहसानी टेक्सासला शिकले. सुरुवातीला त्यांनी फ्यूजन संशोधन केंद्रात काम केलं आणि १९८१ मध्ये विस्कॉन्सिनहून पीएचडी घेतली. पुढे टेक्सास ए अँड एममध्ये त्यांच्या हाताखाली तयार झालेले अली इमादी यांची पदवी आणि मास्टर्स तेहरानच्या शरीफ विद्यापीठातली, पीएचडी २००० सालची. आता इमादी यांचे विद्यार्थीही या क्षेत्रात दिसतात.

एवढं लिहून झाल्यावर मला एक गोष्ट दिसली. बोस विस्कॉन्सिनचे, एहसानी विस्कॉन्सिनचे, मिनेसोटाचे नेड मोहन आयआयटी खरगपूरहून विस्कॉन्सिनलाच गेलेले आणि मशिन्समधलं मोठं नाव असलेले थॉमस लिपोही तिथलेच. गाण्यात जशी घराणी असतात तशी ती इथेही आहेत. कुठल्या घराण्यात मशिनचं गणित पक्कं होतं, कुठे हार्डवेअर, कुठे मॉडेलिंग, हे वहीतून आपोआप कळायला लागतं.

तिसऱ्या दाराचं उदाहरण ग्रेगरी प्लेट यांचं. बॅटरीच्या एस्टिमेशनवर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांचे २००४चे पेपर वाचतो. त्यांची पीएचडी स्टॅनफर्डची, १९९८ची, विषय अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोल. त्यांनी वापरलेला काल्मन फिल्टर, म्हणजे अचूक नसलेल्या मोजमापांतून चांगला अंदाज काढणारं गणित, १९६०चा, आणि रुडॉल्फ काल्मनही मूळचे इलेक्ट्रिकलचेच. सिग्नल्स अँड सिस्टिम्स हा विषय कंटाळून सोडून देऊ नका, तो थेट बॅटरीत जाऊन पोचतो.

भारतातले प्रबंध हवे असतील तर शोधगंगा हे संकेतस्थळ उघडा. गुजरातेतलं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं आणि देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. एका प्रबंधाचं दुसरं प्रकरण, म्हणजे आधी झालेल्या कामाचा आढावा, नीट वाचलात तर तीन महिन्यांची वणवण वाचते.

३. आपली शिदोरी मोजा

वही झाली की स्वतःची मार्कशीट शेजारी ठेवा. पुणे विद्यापीठाच्या इलेक्ट्रिकल अभ्यासक्रमात मशिन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कंट्रोल, पॉवर सिस्टिम्स हे सगळं असतं. पण परीक्षेपुरतं वाचलेलं आणि समजलेलं यात फरक आहे. स्वतःला तपासायची माझी पद्धत अशी: कोऱ्या कागदावर बक कन्व्हर्टर (डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट) काढा आणि इंडक्टरचा करंट, स्विचचा व्होल्टेज, डायोडचा करंट एकाखाली एक काढा. न अडखळता आलं तर पहिलं दार तुमच्यासाठी उघडं आहे. इंडक्शन मोटरचं समतुल्य सर्किट काढून स्लिप वाढली की काय होतं ते शब्दांत सांगता आलं, तर दुसरं.

डिप्लोमाहून आलेल्यांना खास सांगतो. आपला हात चांगला असतो, गणित कच्चं असतं. थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यामुळे पहिल्या वर्षाचं गणित हुकतं आणि एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, अंगावर येतं. मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास यांना सहा महिने द्या. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रम फुकट आहेत. आयआयटी गुवाहाटीचा हायब्रिड आणि इलेक्ट्रिक वाहनांवरचा आणि आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांचा ईव्हीच्या तंत्रज्ञान आणि अर्थकारणावरचा, हे दोन्ही ओळखीसाठी उत्तम.

सापळा: "ईव्ही एक्स्पर्ट" असं प्रमाणपत्र देणारे तीन महिन्यांचे खाजगी कोर्स. मी एकात घसघशीत फी भरली. स्लाइड दाखवल्या, एक हब मोटर हातात दिली, फोटो काढले. पुढे एकाही मुलाखतीत त्या कागदाकडे कोणी पाहिलं नाही. तेच पैसे एका चांगल्या मल्टिमीटरला, एका मायक्रोकंट्रोलर बोर्डाला आणि सुट्या भागांना लावले असते तर दोन वर्षं कामी आले असते.

४. हाताने एक गोष्ट करा

फार मोठं नको. अठ्ठेचाळीस व्होल्टची लहान बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर फिरवणारा इन्व्हर्टर, किंवा चार सेलच्या पॅकचं चार्ज एस्टिमेशन. लागणारी साधनं:

- सर्किटसाठी एलटीस्पाइस, मोटरच्या चुंबकीय क्षेत्रासाठी एफईएमएम, बॅटरी मॉडेलसाठी पायथॉनमधलं पायबॅम. तिन्ही फुकट.
- मॅटलॅब-सिम्युलिंक कॉलेजच्या लायसन्सवर. नसेल तर ऑक्टेव्ह किंवा सायलॅब.
- टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा सी-२००० लाँचपॅड किंवा एखादा एसटीएम-३२ बोर्ड.
- बॅटरीचा खरा डेटा हवा असेल तर नासाच्या एम्स केंद्राने लिथियम-आयन सेल म्हातारे होईपर्यंत चालवून घेतलेली मोजमापं सार्वजनिक केली आहेत.

सातपूर-अंबडमध्ये मोटर रिवाइंडिंगची दुकानं आहेत. एखाद्या शनिवारी जाऊन ई-रिक्षाची जळालेली मोटर उघडताना बघा. कुठल्या खाचेतली वायर काळी पडलीय, कुठली तांबडीच राहिलीय, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुस्तकातला "थर्मल हॉटस्पॉट" आयुष्यभर लक्षात राहतो.

आणि स्कोपची, म्हणजे व्होल्टेजची लहर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची, एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगतो. माझ्या पहिल्या हाफ-ब्रिजवर, म्हणजे एकावर एक जोडलेल्या दोन मॉसफेट स्विचच्या सर्किटवर, मी चॅनल एकची काळी क्लिप खालच्या मॉसफेटच्या सोर्सला लावली आणि चॅनल दोनची वरच्या मॉसफेटच्या सोर्सला. दोन्ही गेट एकदम बघायचे होते. स्कोपच्या आत या दोन्ही क्लिपा एकाच ठिकाणी जोडलेल्या असतात, हे मला माहीत नव्हतं. वरचा मॉसफेट सुरू झाला आणि सगळा करंट त्या नाजूक वायरमधून गेला. इन्सुलेशन वितळून बोटाला चिकटलं, मॉसफेटचं टवकं उडून चष्म्यावर आदळलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. वरच्या स्विचसाठी डिफरन्शियल प्रोबच वापरा. सप्लाय बंद केल्यावरही डीसी-लिंकचा, म्हणजे इन्व्हर्टरच्या डीसी बाजूचा, कपॅसिटर भरलेला असतो, तो रेझिस्टरमधून रिकामा करा, मीटरने खात्री करा आणि मगच हात घाला. असे फिल्म कपॅसिटर आपल्याच नाशिकच्या एमआयडीसीत बनतात. त्या कारखान्यांत ओळख असेल तर तिथल्या टेस्टिंगवाल्यांशी अर्धा तास बोला.

नंतर उसन्या प्रोबने तोच गेट पुन्हा पाहिला. व्होल्टेज चढता चढता मध्येच क्षणभर सपाट होतो, जणू श्वास घेतो, आणि पुन्हा चढतो. पुस्तकात तो मिलर प्लॅटो. मला दुसऱ्या दाराबरोबर पहिल्याचीही गोडी त्या दिवशी लागली.

५. गेट आणि पुढची वाट

गेटचा इलेक्ट्रिकलचा पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यात १५ गुण अ‍ॅप्टिट्यूडचे आणि १३ गणिताचे. स्कोर तीन वर्षं चालतो. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आदल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात आणि केंद्र म्हणून नाशिक निवडता येतं. गेटवर प्रवेश मिळालेल्या एमटेकच्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएचडीला जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या) दराने पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००, हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा. घरी "अजून किती शिकणार" असं विचारतील तेव्हा हे आकडे सांगा.

सापळा: आपल्याला कॅप राउंडची सवय असते, एक फॉर्म भरला की सगळी कॉलेजं. आयआयटींना तसं नाही. प्रत्येक आयआयटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो. सीओएपी हे पोर्टल फक्त आलेल्या ऑफर स्वीकारण्यासाठी आहे, तिथे नाव नोंदवणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. एनआयटींसाठी, म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी, सीसीएमटी ही एकत्रित प्रवेशप्रक्रिया आहे. माझ्या बॅचच्या एका मुलीचा स्कोर माझ्याहून चांगला होता. सीओएपीवर नोंदणी करून ती वाट बघत बसली आणि वर्ष गेलं.

विभाग निवडताना नावं नीट वाचा. आयआयटी बॉम्बेला "पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर सिस्टिम्स", खरगपूरला "मशिन ड्राइव्हज अँड पॉवर इलेक्ट्रॉनिक्स". आयआयटी दिल्लीत इलेक्ट्रिक मोबिलिटीचं वेगळं एमटेकही आहे. ते वाईट अजिबात नाही, पण तुमचं दार पक्कं नसेल तर तिथे सगळं थोडंथोडं होतं. पीएचडी करायचीच असेल तर माझं मत खोल विषयाच्या बाजूने आहे.

नोकरी करता करता पीएचडी करायची असेल तर पुणे विद्यापीठाची संशोधन केंद्रं आणि अर्धवेळ नोंदणी हा रस्ता आहे. कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं, आणि किमान १२ क्रेडिट्सचा कोर्सवर्क. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमटेकशिवायही दार उघडतं.

६. गाइड निवडताना वही पुन्हा काढा

माझं एक वर्ष इथे गेलं. पहिल्या नोंदणीच्या वेळी मी विषयाच्या शीर्षकात "इलेक्ट्रिक व्हेइकल" दिसलं आणि हो म्हणालो. गाइडचा स्वतःचा सगळा अभ्यास ट्रान्समिशन लाइनच्या रिलेंवरचा होता. माणूस सज्जन, पण माझा करंट कंट्रोलर का डळमळतो हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि लॅबमध्ये मोटरचा टेस्टबेंचही नव्हता. शेवटी नोंदणी सोडून नव्याने सुरुवात केली.

तुम्ही आधी बघा: गाइडची पीएचडी कशात आहे, गेल्या पाच वर्षांतले पेपर कशावर आहेत, त्यात हार्डवेअरचे फोटो आहेत की फक्त सिम्युलेशनचे आलेख, जुने विद्यार्थी आज कुठे आहेत. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोला, आणि शक्य असेल तर लॅबमध्ये न सांगता जाऊन या. यूजीसीच्या नियमांत प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. जागा आहे का, निवृत्ती कधी, हे विचारायला संकोच करू नका.

पहिला ईमेल छोटा ठेवा. त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यात काय कळलं, काय अडलं आणि तुम्ही हाताने काय केलंय, एवढ्या चार गोष्टी. "आदरणीय सर, मला ईव्हीमध्ये प्रचंड रस आहे" अशी पत्रं त्यांना ढीगभर येतात.

पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्या जर्नल्सपासून लांब राहा. असा एक पेपर परिचयात दिसला की चांगला गाइड पुढचं वाचत नाही.

७. कागदपत्रं

- दहावी, बारावी किंवा डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीट, पदवीच्या प्रत्येक सेमिस्टरच्या मार्कशीट, पदवी प्रमाणपत्र
- सीजीपीएचे टक्के करून देणारं विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं पत्र
- ट्रान्सक्रिप्ट, शाळा सोडल्याचा दाखला, मायग्रेशन
- गेट स्कोरकार्ड
- जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात
- नोकरीत असाल तर अनुभवपत्र आणि ना हरकत पत्र
- दोन शिफारसपत्रं, संशोधनाचा एक-दोन पानी आराखडा

दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात. पहिलं म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि कुठेतरी वडिलांचं नाव गायब. गेटचा फॉर्म भरायच्या आधी सगळीकडे एकसारखं करून घ्या, निदान आधार आणि पदवी प्रमाणपत्र तरी. दुसरं म्हणजे दाखला. राज्याचा ओबीसी नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्रीय संस्थांत चालत नाही. केंद्राच्या यादीत जात आहे का ते बघून केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला दाखला काढावा लागतो. एसईबीसी हे आरक्षण राज्यापुरतं आहे. एप्रिल उजाडला की लगेच सेतू केंद्रात अर्ज टाका, जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

फेलोशिपसाठी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्या ठरलेल्या तारखेला येतात असं नाही.

८. मुलाखत

फळ्यावर काढायला सांगतात. बहुतेक प्रश्न तिसऱ्या वर्षाचेच असतात, फक्त "का" तीनदा विचारतात. मला विचारलं होतं, "मोटरचा वेग बेस स्पीडच्या वर नेताना फ्लक्स कमी का करायचा?" उत्तर दिल्यावर म्हणाले, "नाही केला तर इन्व्हर्टरला काय दिसेल?" मी बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरमध्ये उलटा तयार होणारा व्होल्टेज) आणि डीसी-लिंकचा व्होल्टेज शेजारी शेजारी काढून दाखवले. प्रकल्पाबद्दल बोलताना जे बिघडलं तेही सांगा. वितळलेल्या प्रोबची गोष्ट मी तिथे सांगितली होती आणि पुढची दहा मिनिटं सगळं बोलणं ग्राउंडिंगवर झालं.

पवईची, म्हणजे आयआयटी बॉम्बेची, मुलाखत सकाळी नऊची असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने पोचणं होत नाही. आदल्या दिवशी निघा, मूळ कागदपत्रं आणि दोन झेरॉक्स संच वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि कांजूरमार्गला उतरायचं असेल तर कल्याणहून धीमी लोकल पकडा.